काकूंचं माप

काकू गेल्यावर आठवड्याने होमकेअरच्या सिस्टर पुन्हा घरी आल्या. ऑपरेशननंतर काकूंच्या पोटावर लावाव्या लागणाऱ्या शौचाच्या पिशव्या उरल्या असतील तर दुसऱ्या पेशंटला चालतील, असं त्या चाचरतच म्हणाल्या. शिंपीकाकांनी मशीनखालचं खोकं पुढे सरकवलं. झाडून सगळ्या पिशव्यांना काकूंच्या मापाचं भोक कापून ठेवलेलं. सिस्टरनी कडेवरून बोट फिरवलं. कुठेही टोचत नव्हतं. “काका, हे माप दुसऱ्या कुणाला बसायचं नाही हो. एवढ्या एकदम कशाला कापल्यात?” काकांनी थरथरणारे हात मांडीवर दाबून धरले. “हातांचा भरवसा राहिला नव्हता, सिस्टर. भोक सैल झालं की कातडी सोलवटते, तुम्हीच सांगितलेलं. आणि परक्यासमोर पोट उघडं करायचं म्हणजे हिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.” त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. “म्हटलं, माझ्यामागे हिचं अडायला नको. आधी मीच जाणार होतो ना.”