टॉवेलची घडी

घसऱ्याला विजार चढवायची म्हणजे एका माणसाचं काम नव्हे. उभं करायला जावं तर दोन्ही पाय पोटाशी घेऊन हवेतच बसायचा, आडवं करावं तर क्षणात पालथा. शिशुगृहातल्या मावशीनं मात्र त्याला मांडीत असा अडकवला होता, की हूं की चूं करायची सोय नाही. आज तो पाय आखडत नव्हता. उलट ताठ करून तिच्या मांडीवर रेटत होता. मावशीनं ते पाहिलं आणि विजारीची नाडी पटकन आवळली.

"अगं, नवी विजार काढून ठेवली होती ना?" मोठ्या बाई दारातून म्हणाल्या. "ही काय गादी घातलीस त्याला? ती माणसं येऊन बसलीसुद्धा."

"फरशी गार आहे हो बाई. आणि हा काय बूड टेकल्याशिवाय राहतोय?"

"बरं, आण लवकर. आणि जरा हसऱ्या तोंडानं आण. आज तरी कोणाच्या मनात भरू दे पोर."

बाई गेल्या. मावशीचं तोंड काही हसरं झालं नाही.

दीड वर्षाचा घोडा झाला तरी पोरगा पाऊल टाकत नव्हता. एक पाय मुडपायचा, दुसऱ्याची टाच रोवायची आणि बुडावर सरकत घरभर हिंडायचा, म्हणून नाव पडलं घसऱ्या. पायांत काही खोट नाही, काही मुलं अशीच असतात, चालेल सावकाश, असं डॉक्टर सांगून गेले होते. पण मूल दत्तक घ्यायला येणाऱ्यांना डॉक्टर थोडेच दिसतात? त्यांना सरकणारं पोर दिसायचं. नवरा-बायको एकमेकांकडे बघायचे आणि पळणाऱ्या मुलांकडे वळायचे. असं झालं की मावशी ऑफिसात हळहळायची आणि आत आल्यावर घसऱ्याचे मुके घ्यायची.

आणि परवा मोरीत त्यानं बादलीचा काठ धरून स्वतःला उभं केलं. पडला, पुन्हा उभा राहिला. मावशी कुणाशी बोलली नाही. दुपारी मुलं झोपल्यावर तिनं जुन्या टॉवेलची जाड घडी त्याच्या विजारीला आतून शिवून टाकली. पाय जुळू नयेत, मागच्या ओझ्यानं बूड उचलता येऊ नये. वर पाय घसरावेत म्हणून गुळगुळीत लोकरीचे मोजे. बूड सोलवटतं पोराचं, असं ती मनाशी म्हणत होती. पण आपण पाप करतोय हे तिला टाक्याटाक्याला कळत होतं. कळून काय उपयोग? हा गेला तर सकाळी उठायचं तरी कोणासाठी?

ऑफिसात तिनं घसऱ्याला पाहुण्या नवरा-बायकोसमोर फरशीवर सोडलं. त्यानं एकदा खुर्चीकडे हात नेला, बूड उचलायला बघितलं, आणि घडीच्या वजनानं मागे बसला. मग निघाली स्वारी सरकत.

पाहुण्याचं तोंड उतरलं. "चालत नाही का अजून?"

"नाही हो," मोठ्या बाईंच्या आधी मावशीच बोलली. "नुसता सरकतो. कधी चालेल, काही भरवसा नाही."

बाईंनी डोळे वटारले. मावशीनं वर पाहिलंच नाही. आता ते एकमेकांकडे बघतील, आता उठतील, एवढंच ती मनात म्हणत होती.

"अहो, बघा तरी याच्याकडे!" पाहुणी एकदम हसायला लागली. "मी अगदी अशीच सरकायचे. आई अजून सांगते, हिनं सगळ्या घराची फरशी पुसली म्हणून!"

"अजून तरी कुठे जागची हलतेस?" नवरा म्हणाला, आणि त्यालाही हसू आलं.

पाहुणी खुर्चीवरून खाली उतरली. तिनं फरशीवर बसकण मारली, एक पाय मुडपला आणि टाच रोवत सरकत सरकत त्याच्याकडे निघाली. घसऱ्या थबकला. आपल्यासारखं सरकणारं माणूस त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. मग तो इतका खदखदून हसला, की मोठ्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मावशीच्या मनात आलं, करायला गेले एक न् झालं भलतंच!

"आम्ही कपड्यांचा एक जोड आणलाय," पाहुणी म्हणाली. " घालून बघू? माप कळेल."

"मी घालते," मावशी पुढे झाली; पण पोर पाहुणीच्या मांडीवर गेलं होतं. तिनं मोजे काढले, नाडी सोडली, विजार उतरवली. तिचा हात आत गेला आणि थांबला. तिनं विजार उलटी केली. टॉवेलची घडी, चारी बाजूंनी बारीक टाके.

"किती जपता हो मावशी!" तिचे डोळे भरून आले. "त्याचं बूड दुखू नये म्हणून आतून गादी शिवलीत?"

मावशीनं विजार हातात घेतली.

पाहुणीनं चढवलेल्या नव्या विजारीत घसऱ्या हलका झाला. अनवाणी पाय त्यानं फरशीवर दाबून बघितले. खुर्चीचा पाय धरला आणि उठला. मग खुर्ची सोडली आणि डुगडुगत, हात पसरून, मावशीच्या गुडघ्याला येऊन भिडला.

"अगंबाई! चालला की!" पाहुणी ओरडली. "मावशी, याआधी कधी उभा राहिला होता का हो?"

सगळे मावशीकडे बघत होते. घसऱ्याही, उचलून घे म्हणून, मान वर करून.

"नाही," मावशी म्हणाली. "पहिल्यांदाच. तुमच्यासमोरच."

मग तिनं विजार काखेत मारली, पोराचे खांदे धरून त्याचं तोंड पाहुणीकडे फिरवलं, आणि हात सोडले.