पडद्यावरचा मोनू

मोनूचा ठिपका पुन्हा सुशिलाबाईंच्या घरात शिरला.

"थांबव," प्रेरणा म्हणाली. "हे कालचं दुपारचं ना?"

"हो वहिनी." कैलाशने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

साथ कशी पसरते ते अभ्यासायला त्याच्या कॉलेजने चिचगडात घरोघर बिल्ले वाटले होते. कोण कुठे, कोणाजवळ गेलं ते बिल्ला टिपून ठेवी. मग कॉम्प्युटर त्या हालचालींवर खोटा ताप सोडी. ग्रामपंचायतीत सगळ्यांना दाखवलं, तेव्हा तो ताप लागून आधी मोनूचाच ठिपका लाल झाला. लोक हसले. प्रेरणाला हसू आलं नाही. तिचं रांगायलाही न लागलेलं लेकरू ते. रोज शाळेत शिकवायला निघताना तीच त्याच्या झबल्याला बिल्ला टाचून जाई.

आता त्याच्या ठिपक्याला चिकटून सासूचा ठिपका होता. आणि सुशिलाबाईंच्या नातवाला खराखुरा ताप होता.

घरी सासूबाई, धुरपताबाई, तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आई, काल मोनूला कुठे नेलं होतं?"

"कुठीच नाई. आज्याच्या खाटंवर होता."

"आणि तुम्ही?"

"मी गेलती सुशिलाकडं. काऊन?" धुरपताबाईंची नजर सुपातच.

"मशीन खोटं बोलत नाही, आई."

"मंग मशीनलेच ठेव लेकरू सांभाळाले."

खाटेवरचे सासरे, उदाराम, नुसते खाकरले. म्हणजे दोघं मिळालेले.

प्रेरणाने मोनूचे कपडे पिशवीत भरले. उद्या त्याला घेऊन गोंदियाला, माहेरी. नोकरी सुटली तर सुटली. पण त्याआधी सासूला रंगेहाथ धरायचं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती थेट सुशिलाबाईंच्या दारात उभी राहिली. धुरपताबाई बाहेरच निघत होत्या. एकट्या.

"मोनूला आत ठेवलंत?"

"कायले तमाशा करून राहिली, बाई?"

प्रेरणा त्यांना ढकलून आत घुसली. खाटेवर फक्त तापलेला पोरगा, उशाशी सुशिलाबाई.

"मोनू कुठाय?"

"तो कायले येईल इथं?" सुशिलाबाई म्हणाल्या. "तुही सासू एकलीच येते."

प्रेरणा वळली. धुरपताबाईंनी पदर बाजूला केला. पोलक्याला दोन बिल्ले टाचलेले होते. एकावर त्यांचं नाव, दुसऱ्यावर मोनूचं.

"त्या डब्ब्यातला ताप मोनूले धुंडत आला," त्या म्हणाल्या, "तं त्याले मी सापडाव."