बारा पावलांवरची भिंत

टेम्पोच्या हेडलाइटच्या कामात कवडूचा नफा अठराशे रुपये होता. सिंधूताईंकडून चोवीसशे घ्यायचे आणि सहाशेत काम उरकायचं. सीताबर्डीच्या फुटपाथवर एलईडी बल्बांची जोडी साडेतीनशेला मिळाली. जाड तारेला दीडशे. उरलेल्या शंभरात पॉलिश पेपर आणि टूथपेस्टची ट्यूब. पिवळ्या पडलेल्या काचा त्याने स्वतःच घासघासून लख्ख केल्या. भारी कंपनीच्या बल्बांचा रिकामा खोका एका गॅरेजच्या कचऱ्यात सापडला, तो फुकट.

नफ्यासमोर जोखीम होती ती चावीची. सिंधूताईंच्या दुधाच्या टेम्पोवर आधी प्रेमानंद होता. त्याची दोन लिटर डिझेलची थाप पकडली गेली आणि त्याच संध्याकाळी चावी ताईंच्या खुंटीवर परत आली. कवडूच्या घरी त्या चावीवर पाच माणसं जेवत होती.

काम तसं ठरलेलं. दुपारी कुहीकडच्या गावांतलं दूध घेऊन निघायचं, नागपुरातल्या मिठाईवाल्यांकडे उतरवायचं आणि अंधार पडल्यावर रिकामे कॅन घेऊन परतायचं. लाइट लागायची ती येतानाच. साडेआठला यायची गाडी हल्ली साडेनऊला येई. दिसतच नाही तर हळूच चालवावं लागतं, असं कवडूचं म्हणणं. पण कितीही उशीर झाला तरी मागचा हौदा पाण्याने धुतल्याशिवाय तो घरी जात नसे. असा ड्रायव्हर दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, असं ताईच गावात सांगत.

"खोका दाखव," ताई म्हणाल्या.

त्यांनी खोका उलटापालटा केला. आत बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. मग वाकून काचेजवळ नाक नेलं.

"चोवीसशे?"

"सीताबर्डीत याच्याहून कमी कोनी देत असन तर चावी ठेवून देतो, ताई."

"चावीवर काहून जातं गा? मी फक्त इचारलं."

खोका त्यांनी फळीवर ठेवला आणि हातात खडू घेतला. बळीरामभाऊ, त्यांचे यजमान, हयात असताना ट्रक चालवत. लाइट कशी बसवायची ते ताईंनी त्यांच्याकडूनच पाहून घेतलं होतं. गाडी आवाराच्या कमरेएवढ्या भिंतीपासून बारा पावलांवर उभी करवली. भिंतीवर आडवी रेघ ओढली.

"येताना मांग वजन किती राहते?"

"रिकामे कॅन, ताई. दुसरं काय राहीन?"

"मंग रिकाम्यावरच लावू."

कवडूने स्क्रू पिळले. उजेडाची वरची कड रेघेला टेकली तशी ताई म्हणाल्या, "बस." त्या रात्री कवडूला झोप गाढ लागली.

पण पचलेला पैसा भूक वाढवतो. आठ दिवसांनी तो पुन्हा दारात उभा राहिला. या खेपेला तर त्याला खोटंही बोलायचं नव्हतं.

"ताई, लाइट झाडावर जाऊन राहिली. समोरचे डिपर मारतात, मायबहिणीवरून शिव्या देतात. आतली सेटिंगची पट्टी गेली असन. आठशे लागतीन."

"एखाद्या दिवशी जाते का रोज?"

"रोज. नागपूर सोडलं का सुरू."

ताईंनी खडू उचलला. "घे गाडी भिंतीसमोर."

दिवेलागणीची वेळ. कवडूने लाइट लावली. उजेड बरोबर रेघेवर.

"इथं तर बराबर हाय गा."

"इथं बराबर दिसते, ताई. रस्त्यावर बिघडते."

आता त्या काच खोलायला लावणार, बल्बावरचं नाव वाचणार. पण ताई मागे वळल्या.

"राहू दे चालू. त्याच उजेडात गुरांच्या ढेपीचे पोते भर. उद्या कुहीले न्यायचे हायेत."

कवडूचा जीव भांड्यात पडला. पन्नास किलोचं एकेक पोतं त्याने उत्साहाने उचललं. पहिलं टाकलं, दुसरं टाकलं. ताई भिंतीपाशी उभ्या राहून दर पोत्याला खडूची एक उभी रेघ मारत होत्या. हिशेबाच्या पक्क्या, कवडू मनात हसला.

तिसऱ्या पोत्यानंतर उजेड रेघेवरून उचलला.

"पाहा ताई, पाहा! गेली ना वर! म्या म्हटलं नव्हतं?"

"इतकीच जाते?"

"इतकीशी कुठं! रस्त्यावर याच्याहून वर जाते."

"मंग भर आनखी."

चौथं. पाचवं. उजेड भिंतीच्या काठावर आला. कवडू घामाघूम झाला होता, पण आठशे रुपये त्याला समोर चढताना दिसत होते.

"इथवर?"

"अजून थोडी, ताई. लबाडी नाही सांगत."

सहावं. सातवं. उजेडाने भिंत ओलांडली आणि मागच्या निंबाची पानं एकदम चमकली.

"हां! अस्सीच!" कवडूने टाळी वाजवली. "रोज अस्सीच दिसते. पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो."

"पक्कं?"

"एकदम पक्कं."

ताईंनी सातवी रेघ मारली, खडूची धूळ पदराला पुसली आणि चावीसाठी हात पुढे केला.

"बल्बाचे अठराशे म्या तवाच सोडले होते, कवडू. लेकराबाळांच्या तोंडात गेले समजून. आता एवढंच सांग, माह्या रिकाम्या गाडीत रोज रात्री हे सात पोते कोनाचे येतात, भाडं कोन घेते, अन् डिझल कोन भरते?"