चुन्याचं पाणी

१८४२ सालचा हिवाळा. डॉक्टर क्रेन जिना चढू लागले, तर त्यांची बायको मर्सी वरच्या पायरीवर वाट अडवून उभी. हातात चिनी मातीचं तसराळं. मागच्या खोलीत त्यांची एकुलती एक लेक लिडिया कळा देत होती.

"बाजूला हो, मर्सी."

"आधी हात धुवा."

तसराळ्यातून उग्र वास आला. संडासाची दुर्गंधी जावी म्हणून आणलेली क्लोरीनयुक्त चुन्याची पूड तिने पाण्यात कालवली होती. डॉक्टरांचं तोंड लाल झालं.

"वेड लागलंय का तुला? अर्धं शहर या हातांनी जन्माला आलंय!"

"आत्ता कुठून आलात?"

"माहीत आहे तुला. हॅलीची बायको गेली. बाळंतज्वर. यंदा सगळ्या व्हरमाँटच्या हवेतच साथ आहे, त्याला मी काय करू?"

"साथ बरी तुमच्याच बाळंतिणी शोधून काढते!" मर्सी जागची हलली नाही. "या हिवाळ्यात ज्या ज्या घरी मी सांत्वनाचा केक घेऊन गेले, तिथे माझ्याआधी तुम्ही गेला होतात. त्या खोल्यांचा वास जेवताना तुमच्या बोटांना येतो. साबणाने जात नाही. ह्याने जातो."

"म्हणजे मी मारलं त्यांना? बोल ना!"

"मला काही बोलायचं नाही. माझी लेक आत आहे."

"बाबा!" आतून किंकाळी आली.

डॉक्टरांनी दात-ओठ खात हात बुडवले.

मुलगा झाला. तरी जीव टांगणीलाच होता, कारण ताप नंतर येतो. डॉक्टर रोज लिडियाच्या खोलीत जाण्याआधी न सांगता हात धुऊ लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते तिच्या कपाळावर हात ठेवून कितीतरी वेळ बसले. कपाळ गार होतं.

"बाबा, भूक लागलीय," ती म्हणाली.

देवाकडे त्यांनी हेच मागितलं होतं. पण थोडासा ताप यावा, असंही त्यांना मधेच वाटून गेलं होतं, आणि त्याची त्यांना स्वतःचीच किळस आली. लेक वाचली होती. म्हणजे त्या बाकीच्याही वाचल्या असत्या.

खाली मर्सी हॅलीकडे न्यायचा केक फडक्यात बांधत होती.

"ताप?"

"नाही."

ती मटकन बसली आणि रडू लागली. मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने घाईने डोळे पुसले.

"दे इकडे," ते म्हणाले. "आज मी नेतो."

हॅलीने दार उघडलं. त्याच्या खांद्यावर तान्ही पोर झोपली होती. वाटभर जुळवलेलं कबुलीचं वाक्य डॉक्टरांच्या तोंडून फुटेना.

"तुम्ही स्वतः आलात?" हॅलीचे डोळे भरून आले. केक बाजूला ठेवून त्याने डॉक्टरांचा चुन्याने सोलवटलेला हात धरला. "माझ्या सेरासाठी तुम्ही जिवाचं रान केलंत, डॉक्टर. मी सगळ्यांना सांगतो."

डॉक्टर हात सोडवू लागले. हॅलीने तो आणखी घट्ट धरला.