तेविसावा बिबट्या

उल्काचा अंदाज बरोबर निघाला आणि तिचा एकच बूट सापडला. पण ते घडलंच नाही, असं समजू.

वनखात्याच्या चौकीत उल्का बिबट्यांच्या गणनेचा अहवाल लिहीत होती. “कॅमेऱ्यांवरून बावीस. एखादा कमी-जास्त.”

“तो जास्तीचा कुठं असतो, मॅडम?” वनरक्षक भोईरांनी विचारलं.

“फक्त गणितात, काका. बिबट्या कॅमेऱ्यासमोर येईल की नाही, हा योगायोग. त्याला सूत्र आहे. आपल्याला जे माहीतच नाही, त्याला सूत्र नाही.”

“म्हणजे मागचं दार उघडं राहिलंय, तसलं?”

भोईर टेबलावर चढले. उल्काच्या खुर्चीमागे कुणीतरी सावकाश जांभई दिली.

मागे न बघता तिने शेवटची ओळ लिहिली: “तेविसावा बिबट्या केवळ गणितात असल्याने त्यास तिथेच राहण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.”