आठव्या खंडातले शब्द

"हे बघ, सिरिल, वाचनालयाच्या विश्वस्तांनी काय लिहिलंय. 'उद्या चार वाजता येत आहोत, हजर राहावे.' याला म्हणतात पेरेम्प्टरी." कॉपलीबाईंनी पत्र टेबलावर आपटलं.

"म्हणजे?" पोस्टमनने विचारलं.

"हुकूम सोडल्यासारखं. तू घंटी वाजवतोस ना, तसं."

सिरिल हसला आणि सायकलवर टांग टाकून पुढच्या घरी गेला.

कॉपलीबाई एकतीस वर्षं विलोफर्डच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल होत्या. तिथल्या एकाच गोष्टीचा त्यांना खराखुरा अभिमान होता. ती म्हणजे कर्नल बॅगशॉंनी गावाला दिलेला बारा खंडांचा इंग्रजी शब्दकोश. कर्नल वल्ली माणूस. मृत्युपत्रात लिहून गेले, की दर मे महिन्यात विश्वस्तांनी खंड मोजावेत आणि एक जरी कमी भरला तरी उरलेले सगळे ऑडबरीला देऊन टाकावेत. ऑडबरी म्हणजे नदीपलीकडचं गाव. क्रिकेटमध्ये ते दरवर्षी विलोफर्डला धूळ चारायचं, तेवढं पुरे होतं.

त्यामुळे कोश इमारतीबाहेर न्यायला कुणालाच परवानगी नव्हती. एकदा चर्चच्या व्हिकरसाहेबांनी प्रवचनासाठी दुसरा खंड रात्रीपुरता मागितला, तर बाईंनी त्यांना असं झापलं की बिचाऱ्यांनी प्रवचनाचा विषयच बदलला.

फेब्रुवारीतल्या आजारपणानंतर बाईंचा हात काही वरच्या फळीपर्यंत पोचला नव्हता. आज त्या फडकं घेऊन शिडीवर चढल्या आणि एकेक खंड पुसत गेल्या. सातव्यानंतर नववा आला.

बाई शिडीवरच बसल्या. आठवा खंड, म्हणजे पी-ई-आर या अक्षरांनी सुरू होणाऱ्या शब्दांपासून पुढचा. नोंदवहीत कुणाचं नाव नाही, दाराचं कुलूप शाबूत. कुणापाशी बोलायचीही सोय नव्हती, कारण दुपारच्या आत ऑडबरीला कळलं असतं. एकतीस वर्षं सांभाळलेला कोश उद्या हातगाडीवरून पुलापलीकडे जाणार, आणि तोही आपल्या डोळ्यांदेखत.

पण बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. ज्याच्या घरात शब्दकोश असतो त्याला गप्प बसवत नाही, हे त्या स्वतःवरून जाणून होत्या. तेव्हा चोर सापडेल तो जिभेवरून. पी-ई-आर ज्याच्या तोंडी, खंड त्याच्या घरी. त्यांनी हॅट चढवली आणि त्या बाजारात निघाल्या.

पहिलाच शब्द खाटकाकडे मिळाला.

"मिसेस ट्रँटरच्या मांजरीसाठी रोज कलेजी वेगळी काढावी लागते," हॉबडे चॉप्स बांधता बांधता म्हणाला. "फार पर्निकेटी जनावर."

बाईंनी कान टवकारले. "काय म्हणालात?"

"पर्निकेटी. नाकं मुरडणारी, चोखंदळ."

"अर्थ ठाऊक आहे मला. शब्द कुठून आणलात?"

"कलेजीच्या बदल्यात मिळाला. मिसेस ट्रँटरनेच दिला."

मिसेस ट्रँटर बेकरीत कोपरापर्यंत पिठात बुडाली होती. पावांच्या मागे खंड दडवलेला असावा तशी बाईंनी फळ्यांवरून नजर फिरवली.

"हल्ली वाचन बरंच चाललंय वाटतं तुमचं?"

"पावांच्या ऑर्डरी वाचते की."

"मग पर्निकेटी?"

"तो होय. तो सिरिलने शिकवला. आणखी दोन आहेत माझ्याकडे. पर्फंक्टरी, म्हणजे कसंबसं उरकलेलं, आमचे हे दाढी करतात तसं. आणि सिरिल स्वतःला पेरिपटेटिक म्हणवतो. पायपीट करत हिंडणारा म्हणे. बुडाखाली सायकल आहे, पण त्याला सांगणार कोण?"

"पर्फिडियस," बाई पुटपुटल्या.

"आँ?"

"विश्वासघातकी," म्हणून बाई दाराबाहेर पडल्यासुद्धा.

चर्चपर्यंतचा चढ चढताना त्यांना राग तर आलाच होता, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. सिरिल त्यांचा लाडका होता. सहा वर्षांचा असताना बापाचा हात धरून वाचनालयात आला, तेव्हापासूनचा.

तो चर्चच्या भिंतीवर बसून चीज-पाव खात होता.

"सिरिल, पेरिपटेटिक म्हणजे काय?"

"मी, बाई."

"थट्टा नको. पर्निकेटी, पर्फंक्टरी, पेरिपटेटिक. तिन्ही आठव्या खंडातले आणि तिन्ही तुझ्या तोंडून गावात पसरलेले. तो खंड जागेवर नाही, आणि उद्या विश्वस्त मोजायला येतायत. अरे, तुला अक्षरओळख मी करून दिली. असे पांग फेडलेस?"

सिरिल घास चावायचा थांबला. "जागेवर नाही? अजून?"

"अजून म्हणजे? तू नेलास का नाही, एवढंच सांग."

"नेला, बाई. वाटेत चाळला, तेव्हाच ते तीन शब्द पाठ झाले. पण कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेतलीय मी."

"शपथ कुणी घातली तुला? नाव सांग. आत्ताच्या आत्ता त्याच्या दारात जाते."

सिरिलने टोपी काढून मांडीवर ठेवली. बाईंकडे बघून त्याला हसूही येत होतं आणि कणवही.

"फेब्रुवारीत तुम्ही तापाने फणफणला होतात, बाई. खिडकीतून वाचनालयाची किल्ली माझ्याकडे फेकलीत आणि म्हणालात, पडल्यापडल्या जीव रमत नाही रे, आठवा खंड गुपचूप घरी आणून दे, आणि शपथ घे, कुणाला सांगायचं नाही."