हेडबाईंच्या चादरी

तांब्याभर पाणी कुंडीत ओतून कुलूपवाला कठड्याशी कान देऊन उभा राहिला. पाणी कुंडीच्या बुडातून निघालं, कठड्यावरून ओघळलं, टपटप खाली गेलं. खालून हूं की चूं नाही. त्यानं दुसरा तांब्या ओतला. मग अख्खी बादलीच उपडी केली. तरी शांतता.

समोरच्या गॅलरीतल्या पेन्शनर आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला. "काय हो, आज कार्यक्रम नाही वाटतं?"

कार्यक्रम म्हणजे भांडण. साथ आली आणि रस्ते ओस पडले, दुकानांची शटरं खाली आली, जो तो आपापल्या घरात. साऱ्या जगाला कुलूप लागलं आणि बेकार कोण झाला, तर कुलूपवाला! बायको साथीच्या आधीच गेलेली. तिच्यामागे तिची झाडंही वाळली. त्यानं ती उपटून खालच्या कचरापेटीत टाकली, कुंड्या तेवढ्या ठेवल्या. दिवसचे दिवस त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. अंथरुणातून उठावंसंही वाटत नसे. एकदा असंच उरलेलं पाणी त्यानं कुंडीत ओतलं आणि खालून भोंगा वाजला.

"अहो कुलूपवाले! डोळे आहेत की बटणं? माझ्या धुतलेल्या चादरीचा पार सत्यानाश केलात!"

खाली राहायच्या निवृत्त हेडबाई. उभा जन्म शाळा हाकण्यात गेलेला, त्यामुळे आवाज खणखणीत. इमारत त्यांना भोंगाच म्हणायची, अर्थात दार लावून. माणसाचा आवाज ऐकून कुलूपवाल्याला इतका आनंद झाला, की 'झाडांना पाणी घालत होतो' अशी माफी मागता मागता त्यानं आणखी एक वाद उकरून काढला. दुसऱ्या दिवशी पाणी मुद्दाम ओतलं. मग रोजच. हेडबाई तोंडाचा पट्टा सोडायच्या, हा वरून तेल ओतायचा. माणसं गॅलऱ्यांत येऊन उभी राहायची, कुणी ह्याच्या बाजूनं, कुणी त्यांच्या. भांडण आटोपलं की आपसूक चौकशा सुरू. कुणाचा ताप उतरला, कुणाकडची साखर संपली. मग दोरीला बांधलेल्या पिशव्या या मजल्यावरून त्या मजल्यावर जायच्या.

कुलूपवाल्याला धास्ती एकच. बाई कधी वर आल्या आणि त्यांनी रिकाम्या कुंड्या पाहिल्या, तर बिंग फुटणार. मग त्या त्याच्याशी कशाला बोलतील?

आणि आज तर त्या बोलल्याच नव्हत्या.

त्यानं बादली तिथंच टाकली. तोंडाला फडकं बांधून, हत्यारांची पेटी उचलून तो धडाधडा जिना उतरला. दार वाजवलं. आतून नुसतं कण्हणं. दाराचं कुलूप त्यानंच बसवलेलं. 'कुणाच्या बापाला उघडणार नाही,' अशी तेव्हा बढाईही मारलेली. आता तारा फिरवता फिरवता तो त्या बढाईला मनसोक्त शिव्या घालत होता. उघड रे बाबा, उघड! शेवटी खट्ट झालं.

हेडबाई न्हाणीघराच्या दाराशी पडल्या होत्या. पाय मुरगळून टम्म सुजलेला. आणि कालच्या जंगी भांडणात घसा नेमका बसलेला, त्यामुळे हाक मारायचीही सोय नव्हती.

त्यानं जिन्यात येऊन आरोळी ठोकली आणि इमारत हलली. वरच्या मजल्यावरची नर्स पट्टी घेऊन धावली. आजोबांच्या सुनेनं गरम सूप पाठवलं, आजोबांनी स्वतःची काठी दिली. "बाई, लवकर बऱ्या व्हा," उंबऱ्याबाहेरून कुणीतरी म्हणालं, "सकाळी करमत नाही हो!" हेडबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते सुपाच्या वाफेवर ढकललं.

सगळे पांगले. कुलूपवाला ओशाळून म्हणाला, "तुम्ही स्वस्थ पडा. आज जरा जास्तच पाणी सांडलंय. चादरी पिळून पुन्हा वाळत घालतो."

"नको, राहू द्या हो!" बाई घाईघाईनं म्हणाल्या, पण तो गॅलरीत पोचलासुद्धा.

गॅलरीत चादर नव्हती. दोरी नव्हती. दोरी बांधायला खिळासुद्धा नव्हता. साऱ्या चादरी आतल्या खोलीत पंख्याखाली, खुर्च्यांच्या पाठींवर, कोरड्या ठणठणीत.

कुलूपवाला कमरेवर हात ठेवून वळला. "बाई, मग इतके दिवस मी कुणाच्या चादरी भिजवत होतो?"

हेडबाईंनी सुपाचा एक घोट घेतला आणि बसलेल्या आवाजात जमेल तेवढा दरारा आणला. "आधी तुम्ही सांगा, कुलूपवाले. इतके दिवस तुम्ही कुठल्या झाडांना पाणी घालत होतात?"